पद्मजाच्या मापाची

"तुझ्याच बांध्याची आहे ती," मुकुंद म्हणाला. "तुला बसली की पद्मजाला बसली."

वासंतीने मुलीला त्याच्या हातात दिलं आणि पदर कमरेला खोचला. देहूरोडच्या बाजारातलं हे लष्कराच्या जुन्या सामानाचं दुकान. मुकुंदने स्वतःची सॅक केव्हाच निवडली होती. राहिली होती पद्मजाची. ती त्याच्याच कंपनीत नकाशे काढायची. मे महिन्यात कंपनीतली मंडळी हिमालयात पायी हिंडायला निघाली होती, त्यांत ती एकटीच बाई. आज तिला रजा मिळाली नव्हती.

दुकानदार खंडूशेठने दोन सॅक खाली काढल्या. पहिलीत गोणपाटात गुंडाळलेल्या विटा भरल्या. "ताई, जरा चालून बघा. उभ्या उभ्या समद्याच बऱ्या लागत्यात."

दुकानामागे मुरमाचा उंचवटा होता. वासंती चढून आली. तेवढ्यात उजव्या पट्ट्याची कडी खांद्याला घासून आग व्हायला लागली होती.

विटा दुसऱ्या सॅकमध्ये गेल्या. वासंतीने आधी कमरेचा पट्टा आवळला, वाकून वजन कमरेवर घेतलं, मग खांद्यावरचे पट्टे ओढले.

"ताईंना सवय दिसती," खंडूशेठ म्हणाला.

"होती," मुकुंद हसला. "आता हिची सॅक ही!" आणि त्याने मुलीला उंच धरलं.

खंडूशेठ हसला. वासंतीही हसली.

ही सॅक पाठीला अशी बसली की विटा आहेत हेच ती विसरली. या वेळी गुडघ्यावर हात न टेकता ती वर पोचली. समोर घोरावडेश्वराचा डोंगर होता. वारा होता. ती तशीच उभी राहिली.

खाली मुलगी रडली आणि वासंतीचा ब्लाउज ओला झाला.

"अगं ये ना! भूक लागलीय हिला."

ती उतरली. मुलगी तिच्याकडे झेपावत होती, पण मुकुंदला आधी उत्तर हवं होतं. "बोल, कुठली घेऊ? पद्मजा म्हणालीय, वासंतीवहिनी सांगतील ती डोळे मिटून आणा. पंधरवडाभर वागवायची आहे बिचारीला."

वासंतीने पट्टे सोडवले. सॅक हळूच खाली ठेवली.

"पहिली घ्या."

"नक्की ना? ही पण बरी दिसत होती तुला."

"मी घालून पाहिली ना? पहिलीच."

परतीच्या बसमध्ये मुलगी पदराआड प्यायली आणि तिच्या उजव्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. दोन्ही सॅक मुकुंदच्या मांडीवर होत्या. वरची पद्मजाची. तिच्यावरची धूळ तो रुमालाने पुसत होता.

रस्त्याला खड्डे फार. बस आदळली की इवलंसं डोकं नेमकं सोललेल्या जागी घासायचं.

"दे इकडे तिला," मुकुंद म्हणाला. "निदान खांदा तरी बदल. अवघडली असशील."

"राहू दे," वासंती म्हणाली, आणि मुलीचं डोकं तिथेच आणखी घट्ट दाबून धरलं.