पहिल्या ओळीआधीची कुजबुज

"पुसून टाक," इम्रेकाका म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं तो डाग माझ्या नावावर आहे."

"हात लावलास तर याद राख," वेलिमिर म्हणाले.

नेवेनाने यंत्र थांबवले. सर्बियातल्या नोवी सादच्या त्या जुन्या स्टुडिओत 'बर्फ फुटतो तेव्हा' या गाण्याची मूळ टेप तिच्यासमोर चढवलेली होती. नव्या आवृत्तीसाठी ती स्वच्छ करण्याचे काम तिच्याकडे आले होते. करारानुसार दोन माणसांची संमती आवश्यक होती: ज्याने गाणे गायले तो वेलिमिर आणि ज्याने ते टेपवर उतरवले तो इम्रे. बाकी सारे निर्विघ्न पार पडले होते. वाद एका सेकंदाचा होता.

गाण्याच्या आरंभी चार सेकंदांची शांतता आहे. तिच्या अखेरीस, डॅन्यूबच्या तळातून यावा तसा, अगदी क्षीण आवाज येतो: "ऐक." आणि लगेच तोच शब्द मोकळ्या गळ्याने उमटतो: "ऐक, नदी चालू लागली." नदीने आधी हाक दिली आणि मग माणूस गायला, असे लोक मानत. बॉम्बहल्ल्यांत शहराचे पूल कोसळले त्या वसंतात नेवेनाच्या आईने तिला काठावर नेले होते. हजारो माणसे अंधारात हेच गाणे म्हणत होती. पण त्याआधी ती सगळी एक क्षण गप्प राहिली होती, त्या कुजबुजीला जागा देण्यासाठी. ती शांतता आठवली की नेवेनाच्या अंगावर आजही काटा येई.

"हाक कसली!" इम्रेकाका म्हणाले. "टेप शेवट बाहेर राहील अशी गुंडाळून ठेवायची असते. मी सुरुवात बाहेर ठेवून गुंडाळली आणि तीन आठवडे तशीच पडू दिली. एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटला. शिकाऊ माणूससुद्धा ही चूक करत नाही."

"देवाच्या राज्यात चुकलेला हा एकमेव हंगेरियन," वेलिमिर नेवेनाला म्हणाले. "अजून भांग मोजपट्टीनंच पाडतो की नाही, विचार त्याला."

"भांग पाडायला केस लागतात, वेल्या. तू विचारू नयेस."

नेवेना हसली. हे दोघे वर्षातून एकदा भेटत, तासभर एकमेकांना टोचून बोलत आणि कॉफी संपली की उठत, असे तिने ऐकले होते. गाण्याविषयी मात्र ते कधीच बोलत नसत.

वेलिमिर स्वतःही ते गात नसत. किल्ल्यावरच्या मैफलीत वाद्ये सुरू झाली की ते माइक चाळीस हजार लोकांकडे वळवत आणि डोळे मिटून उभे राहत. "हे गाणं माझं नाही," ते म्हणत. एवढ्या मोठ्या गायकाची ती नम्रता पाहून माणसे रडत.

भिंतीवर त्यांचे गाजलेले छायाचित्र होते: सक्तीच्या सैन्यसेवेला निघालेला, डोके भादरलेला वेलिमिर आगगाडीच्या खिडकीत, खाली ट्रम्पेटवाले आणि नाचणारे मित्र, आणि कुणीतरी उंच धरलेला फलक: १ मार्च १९७८. पुढचे पंधरा महिने तो घरी आला नाही. तबकडी निघाली तीही तो दूर मॅसेडोनियात असताना. बराकीतल्या रेडिओवर ते गाणे पहिल्यांदा ऐकून तो लहान मुलासारखा रडला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होती.

"काका, एक विचारू?" नेवेना इम्रेंकडे वळली. "मी ती कुजबुज मोठी करून पहिल्या ओळीवर ठेवून पाहिली. दोन्ही जुळत नाहीत. कुजबुजीतला 'ऐक' लांब आहे, फाटलेला आहे. गाण्यातला स्वच्छ आहे."

इम्रेकाका चष्मा पुसू लागले. "फेब्रुवारीत आवाज बसलेला होता. कंपनीनं नाकारला. मग त्यावरच नव्यानं घेतला."

"म्हणजे जुना आवाज पुसला गेला, पण आधीच्या शांततेवर त्याचा ठसा राहिला!" नेवेनाचा स्वर एकदम खाली आला. देवळात बोलावे तशी ती बोलू लागली. "म्हणजे त्या पुसलेल्या गाण्याचा एवढा एकच शब्द जगात शिल्लक आहे."

"म्हणूनच पुसून टाक," इम्रेकाका घाईने म्हणाले. "आता लोकांकडे नवी यंत्रं आहेत. तुझ्यासारखंच कुणीतरी ठेवून बघेल, प्रश्न विचारेल. वेल्याचं नाव मोठं आहे. ते तसंच राहू दे."

वेलिमिरनी पुन्हा टेप लावण्याची खूण केली. कुजबुज आली. त्यांचे ओठ हलले. नेमक्या तेवढ्याच लांबीचा, तसाच फाटलेला श्वास बाहेर पडला. मग मोकळ्या गळ्याची ओळ सुरू झाली आणि त्यांचे ओठ मिटले.

नेवेनाने टेपचा डबा हाती घेतला. झाकणाच्या आत इम्रेकाकांच्या मोजपट्टीने आखल्यासारख्या अक्षरांत नोंद होती. ती वाचू लागली, "आवाज, ९ फेब्रुवारी. आवाज पुन्हा, ३ मार्च..."

ती थांबली. तिची नजर भिंतीवरच्या छायाचित्रातल्या फलकाकडे गेली. इम्रेकाकांनी तिच्या हातातून झाकण काढून घेतले आणि डब्यावर घट्ट बसवले.

"असू दे रे," वेलिमिर हळूच म्हणाले. "सगळं गाणं तू गायलास, ते मी कधी परत मागितलं, इम्रे? तेवढा एक शब्द माझा आहे, तो राहू दे."