फळीवरची पायल

सकाळची वंदना आटोपून मी सागवानी फळीवर आमच्या घराचं चित्र कोरत बसले: अंगणात हे नि मी, दारात आमची लेक पायल. आधीच्या फळीचे छाप पातळ रंगानं बिघडले होते. रंग लावून छापलं की कोरलेली रेघ पांढरी उमटते. हे मागं येऊन उभे राहिले. "पोरीले कायले ठेवलं? न इचारता लग्न करून गेली. काढून टाक." "एकदा कोरलं का परत आणता येत नाही, बरं." "काढ म्हणलं ना!" कडू बोलायचं नाही, हे माझं शील. मी पटाशी उचलली. पायलची वेणी, हात, कपाळ, सगळं कोरून काढलं. रंग लावून छाप घेतला. रंगीत दारात पांढरीशुभ्र पायल उभी. सगळ्यांआधी तीच दिसली. "हे काय वं? हायेच ना अजून!" "अजून खोल कोरू काय?" ह्यांनी माझ्या हातातली पटाशी काढून घेतली.