मेजरांची अक्कल

जेसीबीचं बकेट रस्त्यात घुसलं आणि कोंडिबाच्या पायाखाली जमीन थरथरली. चांगला मुरमाचा रस्ता, तीन वर्षांमागं सगळ्या वस्तीनं मिळून केलेला. बघता बघता त्यात माणूस उभा मावेल एवढा चर पडला.

"आता बसा म्हणावं घरात!" विश्वजीत म्हणाला. चुलतभावाचा हा मुलगा रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर. आज मुद्दाम सुट्टी टाकून आला होता. "मागं भीमा, पुढं आपण. हायवेला जायला दुसरी वाटच न्हाई. पोलीस आले तर येऊ द्या. पंचनामा, नोटीस, तहसीलदाराचा हुकूम... आठवडा तर कुठं गेला न्हाई."

वस्ती एकच, आडनाव एकच. पण सोसायटीच्या निवडणुकीपासून वरची आळी आणि खालची आळी एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या. डोकी फुटली, केसेस पडल्या, मयताला जाणंसुद्धा बंद झालं. खालची आळी माणसांनी दुप्पट. वरच्यांकडं काय होतं? मेजर होते.

कोंडिबा पलटणीतनं सुभेदार होऊन आला, पण गावाला तो मेजरच. शांतिसेनेत असताना त्यानं दीड वर्ष दक्षिण सुदानात काढलं होतं. तिथं एकाच देशाची माणसं एकमेकांना कापत होती. सोमवारी विश्वजीतनं आणि पोरांनी चहा पाजून विचारलं, "मेजर, असल्या भांडणात जिंकतं कोण?" आणि आमचे मेजर खुलले की! आजवर इतकं मन लावून त्यांचं ऐकलं होतं कुणी? माणसं जास्त म्हणून कुणी जिंकत न्हाई, त्यानं सांगितलं. ज्याच्या हातात रस्ता तो जिंकतो. वाट तोडायची आन् गप बसून राहायचं. मधीच दया आली की हरलं. पोरांनी माना डोलावल्या. कोंडिबाला वाटलं, गोष्ट ऐकतायत.

आज चर पुरा झाला तेवढ्यात खालच्या अंगानं पांढरी गाडी आली आणि चरापाशी थांबली. गाडी चालवत होता कोंडिबाचा सख्खा धाकटा भाऊ, रंगनाथ. शेजारी आई, सोजराबाई. वाटण्या झाल्या तेव्हा रीतीप्रमाणे बाप थोरल्याकडं आला आणि आई धाकट्याकडं गेली. बाप कोंडिबाच्या घरी वारला. आई खालच्या आळीत राहिली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला दौंडला न्यावं लागे. आज शुक्रवार.

"विश्वा, आईला तेवढं जाऊ दे," कोंडिबा म्हणाला.

"जाऊ द्या की! आजीशी आमची काय दुश्मनी? तुम्हीच आणा उचलून, आपल्या गाडीतनं नेऊ दौंडला. फक्त माघारी खाली न्हाई पाठवायची. आजी तुमच्या घरी ऱ्हायली म्हंजी रंगाकाका आपल्यावरची केस मागं घेतोय का न्हाई बघा."

असं माणूस उचलून आणून अडकवणं तिकडं सुदानातही चालायचं. ते मात्र कोंडिबानं पोरांना सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं होतं.

तो चरात उतरला आणि धापा टाकत पलीकडं चढला. साठीचा माणूस, गुडघे मातीनं भरले. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि आईकडं पाठ करून खाली वाकला.

"आये, बस पाठीवर."

म्हातारीचे पाय सुजून टम्म झाले होते. ती जागची हलली नाही.

"ही अक्कल कुणाची रं, कोंडू?"

चरापल्याड विश्वजीतनं ऐकलं होतं, आणि त्याला कोण अभिमान!

"मेजरांची, आजी! आमचे मेजर लढाया बघून आल्यात!"

रंगनाथनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. सोजराबाई थोरल्याच्या वाकलेल्या पाठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी फिरव, रंगा."

"आये, आज शुक्रवार हाय गं!" कोंडिबा रडकुंडीला आला.

"ठावं हाय मला वार."

"आये, माझं ऐक जरा..." रंगनाथ बोलू लागला.

"फिरव म्हंते ना! ज्यानं वाट तोडली त्याच्या पाठीवर बसून मला न्हाई जगायचं."

तिनं स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं. गाडी मागं सरकली, वळली आणि उसाच्या आड गेली.

कोंडिबा परत चरात उतरला. वर चढताना त्याचा पाय दोनदा घसरला, तेव्हा विश्वजीतनं हात देऊन त्याला ओढून घेतलं आणि त्याच्या सदऱ्याची माती झटकली.

"चर बुजव, विश्वा. पाया पडतो तुझ्या."

"आता? मेजर, दया आली की हरलं, तुमचेच शब्द हैत." विश्वजीत प्रेमानंच बोलत होता. "तुम्ही निस्ता अंदाज सांगा. किती दिवस दम धरत्याल हे खालचे?"

दौंडच्या डॉक्टरनं दोघा भावांना शेजारी शेजारी बसवून सांगितलं होतं. डायलिसिसची एक पाळी चुकली तर कसंबसं निभेल. लागोपाठ दुसरी चुकली तर आशा धरू नका.

पोरं मेजरांच्या तोंडाकडं बघत थांबली होती.

"मंगळवारपातूर," कोंडिबा म्हणाला.