बेचाळिसावं कार्ड

"मेलं पुन्हा एक कार्ड गिळून बसलं!" डिझाइनवाली ताई सकाळपासून तिसऱ्यांदा कॉम्प्युटरवर खेकसली.

ऑफिसात माणसं बेचाळीस आणि नव्या ओळखपत्रांच्या फायली निघत होत्या एकेचाळीस. पूर्वी एकेक फोटो बसवून, एकेक नाव मधोमध आणून, एकेक फाईल सेव्ह करण्यात तिचे चार दिवस जायचे. मग स्वयंपाक करता करता व्हिडिओ बघून ती प्रोग्राम लिहायला शिकली. आता यादी दिली की दोन मिनिटांत सगळी कार्डं तयार. "वा! या कामाला आता माणूसच लागणार नाही," असं साहेब म्हणाले, तेव्हा ती केवढी हरखली होती.

"कुणाचं राहिलंय ते तरी बघ," शेजारची टायपिस्ट हळूच म्हणाली.

"नावं कशाला बघायची? हा मेला शून्यापासून मोजतो आणि शेवटचा एक गाळतो." तिने प्रोग्रामला दटावून बेचाळीसपर्यंत मोजायला लावलं. बेचाळिसावं कार्ड आलंसुद्धा. त्यावर ना फोटो, ना नाव. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून प्रोग्राम तपासायला लागली. आजूबाजूला सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसले होते.

शेवटी टायपिस्टनेच तिचा हात माऊसवरून उचलून आपल्या हातात घेतला.



"ताई, प्रोग्राम बरोबर आहे गं. यादी मीच टाईप केली. साहेबांनी तुझं नाव दिलंच नव्हतं."