मांबोची तालीम

नाशकात मांबोसारख्या परदेशी नाचाच्या चाली वाजवणारा बँड आमचा एकच. म्हणून अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या एका सिंफनी ऑर्केस्ट्राने आम्हाला सोबत वाजवायला बोलावलं. वीस वर्षं आम्ही लग्नात मांडवाच्या दारापर्यंतच वाजवत आलो. आत पंगती बसायच्या, आम्ही बाहेर उभे. इथे मात्र स्टेजवर व्हायोलिनवाल्यांच्या शेजारी आम्हालाही खुर्च्या होत्या.

तालमीत कंडक्टर डिमेलोसाहेबांनी तीनदा काठी आपटली.

"पुंजाराम, तुमच्या ट्रंपेटखाली माझी सगळी व्हायोलिनं बुडतात. हळू वाजवा."

आमचे बँडमास्तर पुंजारामदादा हळू वाजवायला गेले की सूरच लागेना. शेवटी साहेबांनी तोडगा काढला.

"असं करा, तुमची माणसं घेऊन दाराबाहेर उभे राहा. तिथून आवाज बरोबर बसेल."

मी सवयीने उठलोसुद्धा, आणि उठल्याचाच मला संताप आला. दादांनी कोट ओढून मला खाली बसवलं.

"साहेब," ते खुर्चीतूनच म्हणाले, "दाराबाहेरून आतल्यांना ऐकू जावं म्हणूनच हा आवाज एवढा झालाय. आता तो आत बसूनच कमी होईल."