बडबडी रातराणी

“आज मालक पहिल्या रांगेत बसणार आहेत म्हणे,” रातराणी पिशवी उपसत म्हणाली. “माझा मुखवटा कुठे गेला?”

“मांडीवर असेल. नेहमी तिथेच असतो,” झंझावात म्हणाला.

मुखवटा खरोखर मांडीवरच होता. ती हसली. “अंधारात खडा मारलास, पण लागला बरोबर!”

मग तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आज जपून हं. त्यांना कळलं ना, तर तुला घरी बसवतील.”

त्या सभागृहात दोघांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. एका जुन्या चित्रकथेतली ही जोडी. पिवळ्या झग्यातला वीर झंझावात आणि काळ्या मुखवट्यातली चोर रातराणी. ती माणिक पळवायची, तो मागे धावायचा. हातात सापडणार तेवढ्यात ती खिडकीतून उडी मारायची आणि जाता जाता त्याच्याकडे एक चुंबन उडवायची. दर रविवारी दुपारी हाच खेळ. एके काळी समोर बसून ओरडणारी पोरं आता आपली पोरं घेऊन येत होती.

वर्षापूर्वी एकदा माणिक हातात घेऊन रातराणी स्टेजच्या मधोमध क्षणभर थांबली होती. तेवढ्यात मागून झंझावात स्टुलाला अडखळला आणि पिंपासारखा गडगडत गेला. पोरं हसून हसून लोळली.

त्या संध्याकाळी तो तिला म्हणाला, “मला नीट दिसेनासं झालंय गं. कुणाला बोलू नकोस. फक्त एक कर. स्टेजवर कुठे जातेस, काय करतेस, ते मोठ्याने बोलत जा. आवाजामागे येईन मी.”

“चोराने बोंब मारत चोरी करायची?”

“तू तशी तरी कधी गप्प असतेस?”

तेव्हापासून रातराणी बोलत बोलत चोरी करू लागली. पोरांना ते भलतंच आवडलं. खेळाआधी चहा पिताना तो तिच्याकडून सगळा खेळ पहिल्यापासून वदवून घ्यायचा. आधी टेबल, मग जिना, मग खिडकी. “परत एकदा सांग. मला पाठ व्हायला हवं,” म्हणायचा. येताजाता ती त्याचा कोपर धरून चालायची. ही गोष्ट तिने आपल्या बहिणीलासुद्धा सांगितली नव्हती, आणि बहिणीच्या घरातच तर ती राहत होती. झंझावाताला मागेपुढे कुणी नव्हतं. हा खेळ गेला, तर बिचाऱ्याने जायचं कुठे?

पडदा वर गेला.

“आले हो, वीर! टेबलावर चढले! हे बघा, माणिक उचललं! दिसत नाही, की बघायचंच नाही?”

“बघितलं की जीव जातो, राणीसाहेब!”

“मग जाऊ द्या की! एवीतेवी तुमच्या काय उपयोगाचा?”

सभागृह खिदळलं. पहिल्या रांगेत मालक तेवढे हाताची घडी घालून बसले होते.

“आता जिना, वीर! या, या, धाप लागली वाटतं!”

जिन्याच्या टोकाशी ती पोचली. दिवा थेट डोळ्यांवर येत होता. खाली सगळी तोंडं तिच्याकडे वळलेली. हातात काहीतरी लाल, चकचकीत होतं. तिने ते पाहिलं. मग समोरच्या खिडकीकडे पाहिलं. क्षणभर सगळं शांत झालं.

आणि मागे धडाधड आवाज झाला. झंझावात सगळ्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. पोरं टाळ्या पिटू लागली. “पडला! पडला! रातराणी, पळ! खिडकी!”

ती खिडकीतून उडी मारून पळाली. चुंबन उडवायला मात्र विसरली नाही.

आत येऊन बघते, तर त्याचं मनगट टम्म सुजलेलं. कुणीतरी पिवळा झगा फाडून त्याचा हात गळ्यात बांधत होतं. मी गप्प झाले म्हणून हा पडला, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

मालक आत आले. “एवढा मोठा जिना दिसला नाही तुम्हाला?”

“माझी चूक झाली,” ती पुढे झाली. “मीच...”

“तिचं काही चुकलं नाही,” झंझावाताने तिला मध्येच तोडलं. “मला दिसत नाही. वर्ष झालं.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस जपलेलं गुपित त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं.

“मग पुढच्या रविवारपासून माझा भाचा झगा घालेल,” मालक म्हणाले. “रातराणीबाई, तुम्ही आहातच. तुम्हाला सगळं तोंडपाठ. तुमच्या जिवावर नवीन माणूस सहज तरून जाईल.”

“भाच्याला एक सांगा,” झंझावात म्हणाला. “हिला बोलत ठेवायचं. आणि ही जिथे थांबेल, तिथे आपण पडायचं. हमखास हशा येतो.”

एवढ्या दुःखातही रातराणीला हसू फुटलं. पडला तरी याची थट्टा काही सुटत नाही!

बाहेर अजून ऊन होतं. तिने त्याचा चांगला कोपर धरला आणि दोघं बसथांब्याकडे निघाली. येणारेजाणारे वळून बघत होते. एका मुलाने बोट दाखवलं, तसं आईने त्याला ओढून नेलं.

“बघू देत,” ती म्हणाली. “पडलेल्या माणसाकडे सगळेच बघतात. तू पायाखाली बघ. नाही, तू नको, मी बघते. घाबरू नकोस, मी आहे ना?”

“तू आहेस म्हणून तर चाललोय.”

थांब्यावर ती डोळे बारीक करून बघू लागली. रस्त्याच्या पार टोकाला, वळणावर, बसचा एक लाल ठिपका दिसत होता.

“कुठली आहे कोण जाणे. जवळ आली की वाचून सांगते तुला.”

“तुझीच आहे,” झंझावात म्हणाला. “पाटीवर तुझ्या बहिणीच्या पेठेचं नाव आहे. शेवटच्या थांब्यावर उतर, ती तिथे उभी असेल.” आणि त्याने मोकळा हात पुढे करून तिच्या चेहऱ्यावर तसाच राहिलेला काळा मुखवटा हळूच सोडवला.