अर्धा गोंधळ
लोककला हा मराठवाड्याचा आत्मा आहे, असं लातूरच्या महोत्सवात पाहुण्यांनी भाषणात सिद्ध केलं. त्या नादात आत्म्याला दहाच मिनिटं उरली. भुजंगबुवा गोंधळ्यांनी दिवटी पेटवली आणि संबळाच्या तालावर तुळजापूर, माहूर, जेजुरीच्या देवांना गोंधळाला यायची हाक घातली. सगळे देव बोलावून होताच निवेदिकेनं माईक काढून घेतला. “बुवा, वेळ संपला. छान झालं हं.” “बाई, आत्ता तर आवतण दिलंय. आरती केल्याबिगर देव माघारी कसे जातील?” अर्धा गोंधळ घरावर उलटतो, हे बुवांना बापानं शिकवलं होतं आणि घरी सुनेचे दिवस भरले होते. “येऊन बसलेल्या देवाला सांगू काय, माय?” बाईंनी घड्याळ बघितलं. “सांगा, मागच्या मंडपात सगळ्यांचं जेवण आहे.” तिथला भात पाहुण्यांच्या पहिल्या पंगतीतच संपून गेला होता.